मस्कत, तीन घंट्यांवर

मस्कत आमच्यापासून तीन घंट्यांवर आहे हे अण्णांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि वडिलांनी एकदा ठरवलं की आमच्या घरात दुसरं मत चालायचं नाही. मुंबईचं विमान इथून उडालं की पाऊण तासात तिकडे टेकतं, हे त्यांना विमानतळाच्या फाटकावरच्या वॉचमनने सांगितलेलं. मुंबईहून मस्कत दोन-सव्वादोन तास, हे माझ्या भावाला, सुदामला, तिकडे पाठवणाऱ्या एजंटाने सांगितलेलं. दोन्हींची बेरीज अण्णांनी ओट्यावर बसून केली आणि त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायला सुरुवात केली. विमानांच्या बाबतीत आपल्याला बोलायचा अधिकार आहे असं त्यांना मनापासून वाटायचं. चिकलठाण्याला आमचं वावर होतं, आणि धावपट्टी वाढली तेव्हा त्यातला मोठा तुकडा तिच्याखाली गेला. उरली विमानतळाच्या भिंतीलगतची एक पट्टी, पेरूची काही झाडं आणि मेथी-कोथिंबिरीपुरते वाफे. दुसरा कुणी असता तर त्याने विमानांना शिव्या घातल्या असत्या. अण्णा मात्र पाहुण्यांना पेरूखाली उभं करायचे आणि घरच्या बैलांबद्दल बोलावं तसं म्हणायचे, "बघा, आपल्या वावरातून उडतंय."

आईला विमानांचं कौतुक नव्हतं, पण तिचा दिवस त्यांच्यावरच चालायचा. भिंतीवर घड्याळ होतं, त्याला चावी द्यायचं काम माझं, आणि तिकडे कुणी बघायचं नाही. सकाळचं विमान उतरलं की आई तवा चढवायची, संध्याकाळचं उतरलं की देवापाशी दिवा लावायची. विमानाला उशीर झाला तर आम्हाला भाकरीला उशीर. ते घरावरून इतकं खालून यायचं की मांडणीवरची भांडी वाजायला लागायची आणि ती किणकिण आईला अजिबात खपायची नाही. लांबून घरघर ऐकू आली की ती हातातलं टाकून उठायची आणि पिठाचा हात तसाच ताटांच्या चळतीवर ठेवून उभी राहायची, झोपेत दचकलेल्या लेकराला थोपटावं तशी. विमान टेकलं, आवाज बसला की परत येऊन अर्धी राहिलेली भाकरी थापायची. बोटांचे पिठाचे ठसे वरच्या ताटावर उमटलेले असायचे. आज मी शहरात तिसऱ्या मजल्यावर राहते, माझी भांडी बंद कपाटात असतात, आणि तरी विमानाचा आवाज आला की माझा उजवा हात उगाच उचलला जातो. नवरा हसायचा आधी. आता त्याच्याही लक्षात येत नाही.

अण्णांचा भावकीत मान होता तो एका कामासाठी. कुणाकडे काही घडलं, लग्न ठरलं, कुणी अंथरुणाला खिळलं, की सांगावा कुणाला कधी धाडायचा हे अण्णा सांगायचे. आमच्याकडची रीत अशी की निरोप आधी लांबच्याला जातो आणि जवळच्याला शेवटी. लांबच्याला यायला वेळ लागतो, रजा काढावी लागते, गाडी गाठावी लागते. जवळचा काय, हाक मारली की येतो. अण्णा ओट्यावर मांडी घालून डोळे मिटायचे आणि बोटांवर गावं घ्यायचे. आधी फर्दापूर, मग लासूर स्टेशन, मग दौलताबाद, आणि सगळ्यात शेवटी शेजारचं घर. एखादा दौलताबादवाला फर्दापूरच्या आधी येऊन बसला तर अण्णांना ते स्वतःच्या कामावर बोट ठेवल्यासारखं वाटायचं आणि ते त्याच्याशी तुटक बोलायचे.

सुदाम माझा मोठा भाऊ. वेल्डिंग शिकलेला, हाताचा पक्का, बोलायला कमी. आमच्याकडे काम होतं, पण त्याला त्यात राम वाटत नव्हता. मस्कतला गेला तेव्हा मुंबईपर्यंत एसटीनेच गेला, आणि पोरगं आपल्या वावरातून उडालं नाही याची हळहळ अण्णांनी बरेच दिवस केली. आईने त्याच्याबरोबर येसरचा डबा दिला. गहू, हरभरा, बाजरी भाजून मसाल्याबरोबर दळायची, गरम पाण्यात कालवून उकळी आणली की आमटी तयार. तिच्या हातचं येसर आळीत कुणाला जमायचं नाही. डबा संपला की परत आण, भरून देते, असं ती त्याला दोनदा म्हणाली. सुदाम गेला आणि घरात एक नवीनच बोलणं सुरू झालं. माझी थोरली बहीण, अक्का, नांदेडला दिलेली. पॅसेंजरमध्ये रात्र काढल्याशिवाय तिचं तोंड दिसायचं नाही. अण्णा म्हणायचे, "पोरगी लांब दिली मी, पण पोरगं जवळ हाय." कोपऱ्यावर करीमचाचांचं एसटीडीचं दुकान होतं, सुदामचा फोन तिथेच यायचा. चाचा एकदा हसून म्हणाले, "अन्ना, बीच में समुंदर है ना भई." अण्णा म्हणाले, "समुंदर खाली ऱ्हातंय, चाचा. इमान वरून जातंय." दुकानातले सगळे हसले, मीही हसले. अण्णांची बेरीज खोटी आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. खोटी नव्हतीच ती.

थंडीच्या दिवसांत आईचे पाय सुजायला लागले. तिने ते लुगड्याखाली झाकून ठेवले आणि आम्हाला कळलं तेव्हा पोटात पाणी भरलं होतं. मोठ्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. मग डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, जे मागेल ते खाऊ घाला. डॉक्टर चांगला माणूस होता, सांगताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं. घरी आल्यावर अण्णा ओट्यावर बसले आणि डोळे मिटले. त्यांना मी दुसऱ्यांसाठी हे करताना पाहिलं होतं, स्वतःच्या बायकोसाठी बोटं मोजताना पहिल्यांदाच पाहत होते. नांदेडला लगेच तार गेली. फर्दापूरच्या आत्याला अजिंठ्याला जाणाऱ्या एका टॅक्सीवाल्याबरोबर निरोप गेला. लासूरच्या मामाला कधी सांगायचं तेही ठरलं. मी विचारलं, "आन् सुदामला?"

"त्याची घाई नाय," अण्णा म्हणाले. "तीन घंट्याची तर वाट. लई आधी सांगितलं तर येऊन नुसता बसून ऱ्हाईल. नोकरी जाईल पोराची."

मला ते पटलं. आईलासुद्धा पटलं असावं, कारण अक्का आली तेव्हा तिचा हात धरून आई म्हणाली, "तू एवढ्या लांबून आलीस गं," आणि मग, "सुदाम काय, येईलच." पुढचे काही दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. आत्या आली, मामा आडतीचं दुकान बंद करून आला, मामी दोन शेर ज्वारी घेऊन आली. चूल विझत नव्हती. एवढी माणसं जेवायला बसली की आईला पूर्वी बरं वाटायचं, आता ती पडल्या पडल्या बघायची आणि कुणाच्या ताटात काय नाही ते मला खुणेने सांगायची. विमान आलं की ती उठायला बघायची. अक्का ओरडायची, मग मीच पळत जाऊन भांडी धरायचे. एका सकाळी आईने उठायचा प्रयत्नच केला नाही. विमान वरून गेलं आणि तिचा हात गोधडीवर नुसता थोपटत राहिला, भांडी तिथेच आहेत असं समजून. अण्णांनी ते पाहिलं आणि पायात चपला घातल्या. जवळच्याला सांगायची वेळ झाली होती.

मी त्यांच्याबरोबर करीमचाचांकडे गेले. चाचांनी किती वेळा नंबर फिरवला असेल, लाइन लागेना. "लगरी नै अन्ना, रुको जरा," म्हणत ते परत फिरवायचे. शेवटी लागली तेव्हा पलीकडे कुणी अनोळखी माणूस, तुटक हिंदी बोलणारा. सुदाम साइटवर आहे, साइट वाळवंटात आहे, गाडी जाईल तेव्हा निरोप देतो. त्या दुकानात लांबचा फोन लागला की माणसं ओरडून बोलायची, बाहेर रस्त्यावर ऐकू जायचं. अण्णा मात्र हळू बोलत होते, पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं. "त्याला म्हणावं, आईला बघून जा," एवढंच म्हणाले. सुदामचा उलटा फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. चाचा स्वतः अण्णांना बोलवायला आले. मी रिसीव्हरला कान लावून उभी होते.

"अण्णा, येतो मी. पन पासपोर्ट कंपनीकडं हाय. सही करनारा सायब सुट्टीवर गेलाय."

"पासपोर्ट कशाला पायजे?"

"त्याच्याबिगर सोडत न्हाईत, अण्णा."

"घरला यायला कसला रे पासपोर्ट?" अण्णा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. आजवर त्यांच्या हातून गेलेल्या कुठल्याही सांगाव्यात माणसाला घरी जायला कुणाची सही लागली नव्हती. पलीकडे सुदाम रडत होता की लाइन खरखरत होती हे मला आजही सांगता येणार नाही. मग तो म्हणाला, "आईला सांगा, निघालोय म्हनून." अण्णांनी घरी येऊन आईच्या उशाशी बसून तसंच सांगितलं, "निघालाय."

त्यानंतर प्रत्येक विमानाला अण्णा मला फाटकावर पिटाळायचे. मी सायकल मारत जायचे. आतून गोरे प्रवासी यायचे, पाठीवर पिशव्या, डोक्यावर टोप्या, आणि टॅक्सीवाले त्यांच्याभोवती गोळा होऊन "अजंता, एलोरा" ओरडायचे. कारखानदार यायचे, सुटाबुटातले, घाईत. मी प्रत्येकाच्या मागे बघायचे. माणसं संपायची, टॅक्स्या निघून जायच्या आणि फाटकापाशी मी आणि वॉचमन उरायचो. परत येताना सायकल हळू चालवायचे, कारण घरी जाऊन काय सांगायचं हे ठरायचं नाही. पण आईने मला एकदाही विचारलं नाही. ती माझ्या मागे दाराकडे बघायची, मग माझ्याकडे. अण्णाच बोलायचे, "संध्याकाळच्यात आसंल. निघालाय त्यो." किती वेळा म्हणाले ते. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आईचा चेहरा उजळला होता. नंतर नंतर ती हा शब्द ऐकला की डोळे मिटून घ्यायची. माझा अण्णांवर तेव्हा असा संताप व्हायचा की त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या भिरकावून द्यावा. त्या माणसाला दुसरं काही सांगता येत नव्हतं, हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं.

आई गेली ती भर दुपारी, सकाळचं विमान येऊन गेलं होतं आणि संध्याकाळचं यायचं होतं अशा वेळी. माणसं जमली, बांबू आले. अण्णा म्हणाले, संध्याकाळचं विमान बघून उचलू. अंगणात पन्नास-साठ माणसं गप्प बसून आकाशाकडे कान लावून होती असं दृश्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही. विमान आलं, वरून गेलं, आत फळीवरची भांडी वाजली आणि या वेळी त्यांना धरायला कुणी उठलं नाही. मी फाटकावर जाऊन आले. मला एकटीला येताना पाहून मामाच उठला आणि म्हणाला, "चला आता." सुखना नदीच्या काठावर अण्णांनी स्वतः अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे राख सावडायला गेले. बायका जात नाहीत, पण मी गेले, आणि मला हाकलायची ताकद त्या दिवशी कुणात नव्हती. पुरुष वाकून राखेवर दूध शिंपडत होते तेव्हा विमान आलं. आमच्या डोक्यावरून, उतरण्यासाठी खाली खाली होत. अण्णांनी वर पाहिलंसुद्धा नाही. आम्ही घरी पोचलो तर सुदाम ओट्यावर बसलेला. शेजारी बॅग. अक्काने त्याला सांगितलं होतं. त्याने आमच्याकडे पाहिलं, ओल्या कपड्यांकडे, अण्णांच्या उघड्या डोक्याकडे, आणि म्हणाला, "वरून दिसली मला मानसं. नदीकाठाला. मला वाटलं, गावात कुनाचं तरी झालंय."

सुदाम रडला नाही. त्याने बॅग उघडली आणि वर ठेवलेला येसरचा रिकामा डबा काढून अंगणात ठेवला. मग एकेकाकडे बघत विचारायला लागला. अक्का कधी आली? अक्काने खाली मान घालून सांगितलं. फर्दापूरची आत्या? मामा, तुम्ही? लासूर हे आमच्यापासून रेल्वेने तासाभरावर. मामीनेच सांगितलं की आम्हाला येऊन आठवडा उलटून गेला. सुदामने बोटं मोजली नाहीत, पण त्याचा हिशोब होत होता हे सगळ्यांना दिसत होतं. "मला मामाच्या मागून सांगितलं," तो म्हणाला. विचारत नव्हता, समजून घेत होता.

"तू जवळ व्हतास ना, बाबा," अण्णा म्हणाले.

एवढंच. हे उत्तर सुदामला कधी पुरलं नाही. तेरावं झाल्यावर तो परत गेला. त्यानंतर त्याचे फोन अक्काला गेले, मला आले, करीमचाचांची चौकशी झाली, पण अण्णांना त्याने पुन्हा हाक मारली नाही. परवा माझ्या मुलीने गंमत म्हणून मोबाईलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. सरळ रेषेत किती किलोमीटर आणि हवेत किती वेळ हे लगेच समोर आलं. मी आकडा वाचला आणि म्हणाले, अण्णांचं बरोबरच होतं गं. ती म्हणाली, "आई, यात थांबायचा वेळ धरत नाहीत." तिला यातलं काही माहीत नाही. मी चहा टाकायला उठले.

सुदाम बऱ्याच वर्षांनी कायमचा परत आला. तोवर आमचं औरंगाबाद वाढत वाढत चिकलठाण्याला येऊन भिडलं होतं. आता नावही बदललं. त्याने घर बांधलं मुकुंदवाडीत, धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला. आमच्या पेरूंपासून मधली भिंत नसती तर चालत गेला असता माणूस. भिंतीला वळसा घालून जालना रोडने गेलं तरी स्कूटरवर चहा निवायच्या आत पोचणं होतं. अण्णा कधी गेले नाहीत आणि तो कधी आला नाही. अण्णा संध्याकाळी पेरूखाली खुर्ची टाकून त्या दिशेला तोंड करून बसायचे. विमानांबद्दल बोलणं त्यांनी आई गेली तेव्हाच सोडलं होतं.

अण्णांचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा मी माहेरी येऊन राहिले होते. अन्न तुटलं, आवाज बारीक झाला. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मंदे, सांगावे धाडायला लाग." मी म्हणाले, सांगा कुणाकुणाला. हात उचलून बोटं मोजायची ताकद राहिली नव्हती. छातीवरची बोटं नुसती हलली.

"आधी सुदामला."

"अण्णा, त्यो तर हितंच हाय. मुकुंदवाडीत."

"नाय गं. त्योच लई लांब हाय. त्याला आधी सांग. यायला येळ लागंल त्याला."

मी स्कूटर काढली. सुदाम पायरीवर बसून पेपर वाचत होता, केस पांढरे झालेले, चष्मा नाकावर. मी अण्णांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, कारण सांगाव्यात आपलं काही घालायचं नसतं हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. त्याने पेपरची घडी घातली. "कुनाकुनाला सांगितलं?" मी म्हणाले, "कुणालाच नाय अजून. तू पहिला." तो धावपट्टीच्या भिंतीकडे बघत राहिला. मी स्कूटर चालूच ठेवली होती. शेवटी तो म्हणाला, "सांग त्यांना, निघालाय म्हनून." आणि बसूनच राहिला. मी आणखी थोडा वेळ थांबले. मग निघाले.

अण्णा दाराकडे डोळे लावून होते. मी आत आले, आणि त्यांनी माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "निघालाय, अण्णा." हा शब्द याच खोलीत, याच बाजेशी बसून त्यांनी स्वतः किती वेळा उच्चारला होता. ते म्हणाले, "व्हय." बाहेर घरघर सुरू झाली, फळीवर पहिलं ताट वाजलं. "भांडी धर गं," अण्णा म्हणाले आणि डोळे मिटले. विमान टेकेपर्यंत मी चळतीवर हात ठेवून उभी होते. वळून पाहिलं तर त्यांचा हात चादरीवर हलका थोपटत होता.

सुदाम संध्याकाळी आला, सगळ्यांच्या आधी. अक्का अजून गाडीत होती, लासूरची माणसं निघायची होती. तो अनवाणी होता, पायांना रस्त्याची धूळ. दारातच थांबून त्याने विचारलं, "कधी?"

"दुपारी," मी म्हणाले.

तो उंबऱ्यावर खाली बसला. आत बघितलं नाही त्याने. मग म्हणाला, "वाट बघत व्हते का?"

मी म्हणाले, "बघत व्हते."